भागीरथीचा साकव

आमच्या घरात आंब्याची दुसरी फोड हवी असेल तर अर्ज करावा लागे. तोंडी मागणी चालत नसे. पाटावर बसल्या बसल्या "आणखी एक" म्हणणाऱ्या मुलीकडे आक्का अशी बघायची, की जणू कोणी रांग मोडून थेट साहेबाच्या खोलीत घुसलं आहे. मग हात धुवायचे, पडवीत जायचं, पाठकोऱ्या कागदावर डाव्या कोपऱ्यात 'प्रति' लिहायचं, त्याखाली विषय लिहायचा : आंब्याची आणखी एक फोड मिळणेबाबत. मग 'महोदया'. मग कारण. शेवटी 'आपली विश्वासू', सही, आणि सहीखाली पूर्ण नाव, कारण सही कोणाचीच वाचता येत नाही असं आक्काचं तीस वर्षांच्या नोकरीतलं ठाम मत होतं. हे सगळं उरकून मी परत येईपर्यंत कुंदीचा अर्ज माझ्याआधी दाखल होऊन मंजूरही झालेला असे, आणि कुंदी, माझी तीन वर्षांनी धाकटी बहीण, कोय चोखत माझ्या शुद्धलेखनावर नजर टाकी.

आक्का म्हणजे बाबांची मोठी बहीण. बाबा आक्का म्हणत, म्हणून आम्हीही. लग्न केलं नव्हतं. सगळी नोकरी एका सरकारी कचेरीत आवक-जावकच्या टेबलावर गेली होती. आलेल्या कागदाची नोंद आवक, गेलेल्याची जावक. कचेरी कुठल्या खात्याची ते सांगत नाही, त्या खात्यातली माणसं अजून हयात आहेत आणि आक्का त्यांना घाबरत नसली तरी मी घाबरते. निवृत्त होऊन ती आमच्याकडे राहायला आली तेव्हा एक ट्रंक, एक लाकडी टेबल आणि मालवणच्या बाजारात स्वखर्चाने करवून घेतलेला 'आवक' असा रबरी शिक्का एवढंच घेऊन आली. दुपारी घर निजलेलं असे, मागच्या व्हाळाचं, म्हणजे ओढ्याचं, पाणी तेवढं बोलत असे, आणि मधूनच पडवीतून शिक्क्याचा धप्प आवाज येई. आई झोपेतच कूस बदलून म्हणे, "लागलो इचो दरबार."

आम्ही शाळेत जात नव्हतो. हल्ली याला होमस्कूलिंग म्हणतात आणि ते करायला लोक पुण्या-बेंगळुरूहून येऊन आमच्या बाजूला काजूच्या बागा घेतात. माझ्या पडवीत आज अशी सहा मुलं लिहायला-वाचायला येतात. त्यांचे आईबाप फार अदबीने विचारतात की तुमच्या वडिलांनी नेमका कोणत्या विचाराने तो निर्णय घेतला. मी सांगते ते त्यांना खरं वाटत नाही. बाबांचा काही विचार नव्हता. बाबा कलमांची नर्सरी चालवत, वेंगुर्ल्याहून काजूच्या काड्या आणून कलमं बांधत, आणि दिवसभर सुरी आणि सुतळीशिवाय कोणाशी फारसं बोलत नसत. त्याआधी मी शाळेत जात होते तेव्हा एकदा माझी निबंधाची वही त्यांच्या हाती लागली. 'माझी आई' या निबंधात मी लिहिलं होतं की माझी आई पेज बरी करते पण घाईत मीठ विसरते. गुरुजींनी ते वाक्य लाल रेघेने खोडून 'माझी आई म्हणजे मायेचा सागर' असं घालून दिलं होतं. बाबांनी शेजारच्या पोराची वही मागवली. तिथेही सागर. तिसऱ्या वहीतही सागर. दुसऱ्या दिवशी हातातली कलमाची सुरी खाली ठेवायची विसरून ते तसेच शाळेत गेले आणि म्हणाले, "चाळीस पोरांची आवस एकच कशी ओ गुरुजी?" गुरुजी सुरीकडे बघत राहिले. उत्तर काही मिळालं नाही, आणि बाबांना उत्तर न देणाऱ्या माणसाकडे मुली पाठवणं पटेना. त्याच संध्याकाळी आक्काला विचारण्यात आलं. आक्का म्हणाली, लेखी विचार. बाबांनी लेखी विचारलं. तो अर्ज मी जपून ठेवला आहे. विषय : मुलींना शिकवणेबाबत. त्याखाली आक्काच्या हस्ताक्षरात : मंजूर.

आक्काला लिहिण्याचा एकच प्रकार ठाऊक होता, आणि तो तिने आम्हाला मुळापासून शिकवला. शिकवण्याची भाषा कचेरीतली. घरात माका-तुका बोलणारी आक्का टेबलाशी बसली की 'सदरहू' आणि 'उपरोक्त' बोलायला लागे, आणि आम्हीही तसंच बोलायचं. मी एकदा लिहिलं, मला खूप भूक लागली आहे. शेरा आला : मोघम. फेरसादर करावा. दुसऱ्यांदा लिहिलं, मला सकाळपासून भूक लागली आहे. शेरा : सकाळपासून म्हणजे केव्हापासून? काय खाल्ले होते? तिसऱ्यांदा मी लिहिलं की सकाळी एक घावणा खाल्ला, त्यातला अर्धा कुंदीने ओढून घेतला, आणि आता बांगडे तळल्याचा वास पडवीपर्यंत येत असल्याने 'ळ' चे पोट नीट काढता येत नाही. आक्काने तो कागद दोनदा वाचला, शिक्का मारला आणि स्वतः उठून स्वयंपाकघरात गेली. आईने या सगळ्यात भाग घ्यायला पहिल्या दिवशीच नकार दिला होता. तिचं म्हणणं एवढंच : "माज्या चुलीपुढे अर्ज चलाचे नाय. भूक लागली तर ताट घेवन बसा." त्यामुळे घरात दोन कायदे होते. माशाचा तुकडा आईकडे मागितला की मिळे, आक्काकडे मागितला की लिहायला लागे. तरी आम्ही आक्काकडे मागायचो. का ते मला तेव्हा कळलं नव्हतं. कागदावर 'मंजूर' वाचून खाल्लेला बांगडा वेगळा लागायचा, एवढं खरं.

वाचन म्हणजे आक्काला पाठ असलेले अर्ज. तीस वर्षं तिने आलेला प्रत्येक कागद नोंद करण्याआधी पूर्ण वाचला होता, त्याची काही गरज नसताना. जेवण झालं की ती सुपारी कातरत ते म्हणून दाखवी. एका माणसाने लिहिलं होतं की सरकारी माडाचा नारळ त्याच्या म्हशीच्या पाठीवर पडल्यापासून म्हैस माडाखालून जात नाही आणि घराचा रस्ता नेमका माडाखालूनच आहे. एका बाईने दर महिन्याला, सलग दोन वर्षं, तरीवाल्याने तर, म्हणजे माणसं पलीकडे नेणारी होडी, चालवताना गाऊ नये म्हणून अर्ज केला होता, आणि तिसऱ्या वर्षी एकच अर्ज आला की तरीवाला हल्ली गात का नाही याची चौकशी व्हावी. आम्ही तोंडाचा आ करून ऐकत असू. पुढे काय झालं असं विचारलं की आक्का म्हणे, पुढे संबंधित टेबलाकडे वर्ग. मालवणला बाजाराच्या दिवशी एस.टी.ने जाऊन बाबा वाचनालयातून गोष्टीची पुस्तकंही आणत. आम्ही ती फडशा पाडल्यासारखी वाचायचो. आक्का मात्र एखादं उघडून दहा पानं वाचायची आणि मिटून ठेवायची. म्हणायची, एवढं लिहिलंय पण मागणी काय ते कळत नाही.

बारा वर्षांची झाले तेव्हा मला अर्जांचा कंटाळा आला. जमत नव्हते म्हणून नव्हे. उलट सगळे मंजूर होत होते. फणसाची भाजी नको, मंजूर. कुंदीने माझी वेणी ओढू नये, मंजूर. खरं लिहायचं, तपशील द्यायचा, की झालं. पावसाचे दिवस होते, नर्सरीतल्या पिशव्यांवर प्लास्टिक ताणलेलं होतं आणि त्यावर दिवसभर एकाच सुरात आवाज चालू होता. आक्का तापाने आत पडली होती. मी टेबलाशी बसले आणि पहिल्यांदाच असं काही लिहायला घेतलं जे नव्हतं.

आमच्या घरामागे व्हाळ आहे. त्याच्या पलीकडे काजूची धार म्हणजे टेकडीचा उतार, त्यावर गावातल्या पाच-सहा घरांच्या बागा, आणि एक पडका मांगर म्हणजे शेतातली झोपडी. राहायला कोणी नाही. ओलांडायला दोन पोफळीची खोडं टाकलेली असत, ती दर पावसात वाहून जात. मी त्या धारेवर एक वाडी वसवली. नाव ठेवलं सुरंगीवाडी. लोकसंख्या सतरा. त्यात भागीरथी नावाची एक विधवा, वय बासष्ट, डावा पाय अधू. तिची सून व्हाळाच्या अलीकडे, माहेरी बाळंत होणार होती. भागीरथी तिच्यासाठी डिंकाचे एकवीस लाडू डब्यात घालून निघाली आणि मोडक्या ओंडक्यावरून घसरली. लाडू व्हाळातून गेले. भागीरथी कमरेएवढ्या पाण्यात उभी राहून ते जाताना मोजत होती, आणि एकोणीसच मोजता आले, म्हणून उरलेल्या दोन लाडवांसाठी ती अंधार पडेपर्यंत तिथेच थांबली. तरी व्हाळावर साकव, म्हणजे पायी जाण्यापुरता पूल, बांधून मिळावा ही विनंती. लिहिताना मला रडू येत होतं आणि फार बरं वाटत होतं. ग्रामस्थांचे अंगठे हवेत हे आठवून मी कुंदीला बोलावलं. आम्हा दोघींचे मिळून चार अंगठे झाले. बाकीच्यांसाठी उरलेली बोटं वापरली. शेवटचे दोन ठसे जरा मोठे, वयोवृद्ध पुरुषांचे हवेत म्हणून कुंदीने पायाचे दिले. पत्ता 'द्वारा' आक्काचा घातला, कारण पत्त्याशिवायच्या अर्जाला अर्थ नाही हे आमच्या रक्तात होतं.

पाठवायचा विचार माझ्या मनात नव्हता. गावातले लोक आक्काकडून खरेखुरे अर्ज लिहून घेत, त्यांचा एक ट्रे टेबलावर असे. आक्का उठली तर तिला दिसू नये म्हणून मी माझा कागद त्या ट्रेच्या तळाशी सारला. पण आक्का तापात असल्याने जावक कुंदीकडे होती. नऊ वर्षांची पोरगी, हातात पहिल्यांदाच अधिकार आलेला. तिने ट्रेमधले सगळे कागद पाकिटात घातले, तिकिटं जिभेने ओली करून लावली, रजिस्टरात नोंदवली आणि भिजत जाऊन पोस्टाच्या पेटीत टाकून आली. मी तिला विचारलं, ते कशाला पाठवलंस? ती म्हणाली, ठसे दिले ना मी. ठसे दिलेला कागद घरात कशाला ठेवायचा? आज कुंदी ओरोसला जिल्ह्याच्या कचेरीत नोकरी करते आणि अजून तिचं उत्तर हेच आहे.

आठवडाभर मला अन्न गेलं नाही. मग काहीच झालं नाही, आणि आक्काच्याच अनुभवावरून बहुतेक अर्जांचं काहीच होत नाही, हे आठवून मी सावरले. पाऊस गेला, भात कापून झालं. आणि एके दिवशी आक्काच्या नावे पत्र आलं. सुरंगीवाडी येथील साकवाबाबत स्थळपाहणीसाठी अधिकारी गुरुवारी येत आहेत, अर्जदार व बाधित व्यक्तींनी उपस्थित राहावे. आक्काने ते उभ्यानेच वाचलं. चष्मा काढला, पुसला, परत वाचलं. मग जावकचं रजिस्टर काढून बोट फिरवलं आणि कुंदीच्या वळणदार अक्षरातली नोंद सापडली तिथे थांबवलं. मला हाक मारायची गरज पडली नाही. मी समोरच उभी होते.

सगळं सांगितलं. पायाच्या अंगठ्यांसकट. आक्का ओरडली नाही. ती टेबलाशी बसली आणि दोन्ही हात टेबलावर पालथे ठेवले. नंतर म्हणाली, तीस वर्षांत माझ्या हातून एक खोटा कागद गेला नाही. हे तिने कचेरीच्या भाषेत नाही, घरच्या भाषेत सांगितलं असतं तर मला कमी लागलं असतं. बाबा म्हणाले, सरपंचांच्या घरून फोन करून टाकू. आक्का म्हणाली, अर्ज फोनवर मागे घेता येत नाही. आणि पत्र गुरुवारच्या आत पोचणार नव्हतं. तेव्हा अधिकारी आले की व्हाळावर उभं राहून खरं काय ते तोंडावर सांगायचं, असं ठरलं.

पण बाबांनी हे कलमं न्यायला आलेल्या दत्ताभाऊंना सांगितलं. दत्ताभाऊ एस.टी.त कंडक्टर होते, आता निवृत्त, आणि पन्नास माणसांना एका बाजूला सरकवायची सवय त्यांच्या हातातून गेली नव्हती. त्यांची काजूची बाग व्हाळापलीकडेच होती. ते म्हणाले, देव चालून येतोय आणि तुम्ही दार लावताय? साकव मिळतोय तर मिळू दे, वाडीचं काय ते मी बघतो. बुधवारी संध्याकाळपर्यंत सुरंगीवाडीची भरती पूर्ण झाली होती. भागीरथीचं काम शेजारच्या सुलूकाकीला मिळालं. तिने ते मागूनच घेतलं. "भागीरथी मी होतंय," ती म्हणाली, "माजो गुडघो नायतरी दुखताच." आक्काला यातलं कोणी काही सांगितलं नाही. आईला सगळं माहीत होतं. ती फक्त म्हणाली की सुलूचा गुडघा उजवा दुखतो आणि अर्जात डावा पाय आहे, तेवढं सांभाळा.

गुरुवारी सकाळी जीप आली. उतरलेले साहेब तरुण होते, घाटावरचे, नव्या बुटांतले. त्यांच्या हातात फाइल होती. व्हाळाच्या काठी माणसं जमली होती, आणि सतरा कसली, तीसएक तरी होती, कारण ज्याला त्याला आपण नसलो तर साकव जाईल असं वाटलं होतं. आक्का छत्री उघडून जरा लांब उभी होती, उन्हासाठी. मी तिच्या मागे. साहेबांनी माणसं मोजली, अर्जात बघितलं, परत मोजली. दत्ताभाऊ म्हणाले की वाडी वाढती आहे. मग साहेबांनी अर्ज वाचायला घेतला. त्यांना तो मोठ्याने वाचायची काही गरज नव्हती, पण त्यांनी वाचला.

मी लिहिलेलं दुसऱ्या कोणी वाचताना मी पहिल्यांदाच ऐकत होते. साहेबांचा आवाज चांगला होता. भागीरथी निघाली तेव्हा माणसांची कुजबुज थांबली. ती घसरली तेव्हा कोणीतरी "अरे देवा" म्हणालं. लाडू मोजण्याची जागा आली तेव्हा सुलूकाकीने पदर तोंडाला लावला, आणि ते नाटक नव्हतं, तिचे खांदे हलत होते. तिच्या शेजारच्या बायकाही रडायला लागल्या. कालपासून ज्यांना हे सगळं बनावट असल्याचं पाठ होतं, ती माणसं व्हाळाकडे बघत होती, जणू लाडू अजून दिसतील. साहेबांनी विचारलं, भागीरथीबाई कोण? सुलूकाकी लंगडत पुढे आली, उजव्या पायाने, मग आठवून डाव्या. आणि सून? तीन बायका एकदम पुढे झाल्या. तिघींनी एकमेकींकडे बघितलं आणि तिघीही मागे गेल्या.

तेव्हा आक्काने छत्री मिटली. ती सावकाश चालत पुढे गेली आणि टेबलाशी बोलायची त्या आवाजात म्हणाली, "साहेब, सदर अर्ज वस्तुस्थितीला धरून नाही. सुरंगीवाडी नावाची वाडी अस्तित्वात नाही. अर्ज माझ्या भाचीने लिहिला आहे. पत्ता माझा आहे, म्हणून जबाबदारी माझी."

मी आक्काच्या शेजारी जाऊन उभी राहिले, कारण तिथे एकटं उभं राहणं तिच्या वाट्याला यावं हे मला सहन होईना. साहेबांनी माझं वय विचारलं. बारा, मी म्हणाले. त्यांनी अर्जाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मला वाटलं आता पोलीस. पण त्यांनी अगदी हळू विचारलं, "म्हणजे लाडूसुद्धा नव्हते?"

मी मान हलवली. साहेब व्हाळाकाठच्या दगडावर बसले. मग त्यांनी सांगितलं की हा अर्ज त्यांनी घरी नेऊन बायकोला वाचून दाखवला होता. बायको रडली होती, आणि तिने आज येताना काहीतरी बरोबर दिलं होतं. त्यांनी ड्रायव्हरला खूण केली. ड्रायव्हरने जीपमधून स्टीलचा डबा आणला. उघडला. डिंकाचे लाडू होते. मोजले नाहीत, पण एकवीसच असणार. साहेबांच्या मांडीवर तो उघडा डबा आणि भोवती तीस माणसं, आणि ते कोणाला द्यायचे ते कोणालाच कळत नव्हतं. सुलूकाकीचा हात अर्धवट पुढे आला होता. तो तिथेच थांबला.

साहेब म्हणाले की मला हे प्रकरण बंद करावं लागेल. आक्का म्हणाली, तुम्ही एवढे आला आहात, आम्हाला दहा मिनिटं द्या. तिने पिशवीतून कागद आणि पेन काढून माझ्या हातात दिलं. ते तिने घरून निघतानाच घेतलं होतं. जीपच्या बॉनेटवर कागद ठेवायला सांगितलं आणि जमलेल्या लोकांकडे वळून म्हणाली, या व्हाळावर खरं काय काय झालंय ते एकेकाने सांगा.

सुलूकाकीने परत लाडवांपासून सुरुवात केली. आक्काने तिला थांबवलं. मग जरा वेळाने काकी जमिनीकडे बघत म्हणाली की चार पावसाळ्यांपूर्वी ती खरीच पडली होती, काजूची पाटी डोक्यावर असताना, आणि गुडघा त्या दिवसापासूनच दुखतो. पण कोणाला सांगितलं नव्हतं, कारण पडताना बघणारा हसला होता. बघणारा कोण, ते तिने सांगितलं नाही. आणखी दोघांनी वाहून गेलेल्या भाताच्या भाऱ्यांचं सांगितलं. दत्ताभाऊ, जे कालपासून सगळ्या गावाला पढवत होते, ते गप्प होते. आक्काने त्यांच्याकडे बघितलं. तिला ठाऊक असणार. ते म्हणाले, "ता काय सांगूचा? ता तर खरा." मग सांगितलं. त्यांच्या वडिलांना भर पावसात पलीकडच्या बागेत फुरसं चावलं होतं. ओंडके वाहून गेलेले. चौघांनी उचलून त्यांना वरच्या अंगाने फिरवून आणलं, दोन तास लागले. जीव वाचला, पाय काढावा लागला. म्हातारा त्यानंतर अकरा वर्षं जगला आणि एकदाही बागेत जाऊ शकला नाही. ओटीवर बसून पलीकडे बघायचा. हे गावात सगळ्यांना माहीत होतं. मलाही माहीत होतं. मी त्यांना ओटीवर बसलेलं बघितलं होतं, आणि अर्ज लिहिताना ते माझ्या मनातही आलं नव्हतं.

मी अकरा ओळी लिहिल्या. त्यात एकही शोभेचं वाक्य नव्हतं. अंगठे आणि सह्या ज्याच्या त्याच्या झाल्या. साहेबांनी तो कागद वाचला, या वेळी मनात, आणि फाइलमध्ये ठेवला. जुना अर्ज काढून ते तो फाडणार असं मला वाटलं. त्यांनी तो घडी करून खिशात घातला. जाताना लाडवांचा डबा त्यांनी सुलूकाकीच्या हातात दिला आणि सांगितलं की ज्या पडल्या त्यांनी घ्यावा. काकीने तिथल्या तिथे सगळ्यांना वाटला. लाडू फार उत्तम होते, फक्त जायफळ जास्त. आईने मान्य केलं.

साकव दोन वर्षांनी झाला. अरुंद, एका बाजूचा कठडा वाकडा, पण अजून उभा आहे. सुरंगीवाडी मात्र कुठल्यातरी यादीत शिरली ती कायमची. त्यानंतर कित्येक वर्षं दर पावसाळ्याआधी सुरंगीवाडीच्या ग्रामस्थांना सतर्क राहण्याच्या सूचना आमच्या पत्त्यावर येत, आणि बाबा त्या पलीकडच्या मांगराच्या खांबाला नेमाने लावून येत. माझ्याकडे येणारी मुलं विचारतात, मग खोटं लिहायचं की नाही? मी त्यांना ही सगळी हकिकत सांगते आणि उत्तर देत नाही, कारण मला ते अजून नीट देता येत नाही.

त्या गुरुवारनंतर आठ दिवस आक्का माझ्याशी घरच्या भाषेत बोलली नाही. जेवायला हाक मारायची तीही 'उपस्थित राहावे' अशी. मी तीन अर्ज केले, माफीचे. तिन्ही परत आले, शेरा नव्हता, शिक्काही नव्हता. नवव्या दिवशी दुपारी ती पडवीत कुळीथ निवडत बसली होती. मी समोर बसून खडे बाजूला काढू लागले. तिने हरकत घेतली नाही. सुपाचा आवाज, आत आईचं खोबरं किसणं, लांब वळणावर एस.टी.चा गिअर बदलला. बरंच निवडून झालं, आणि मग मान वर न करता ती म्हणाली, "ती भागीरथी."

मी हातातला खडा बाजूला टाकला.

"तिच्या सुनेक काय झाला? चेडू काय झील?"

मुलगी की मुलगा, याचा मी विचारच केला नव्हता. सून अर्जात लाडवांपुरती आली होती. मी म्हणाले, "माका ठावक नाय."

"मगे इचार कर," आक्का म्हणाली. तिने सूप खाली ठेवलं आणि हात पदराला पुसले. "मी हयच बसलंय."